पाइनच्या खुणेचे पेले

हाइडेग्रुंड, लाउझित्स
१२ मे १९८१

हेडी,

'प्रिय' लिहावं की नाही यावर बराच विचार केला आणि शेवटी नुसतं हेडी लिहिलं. वीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही, आता एकदम 'प्रिय' कुठून आणू? बर्लिनला बूट घ्यायला जाते म्हणून घरातून निघालीस आणि पलीकडे पश्चिम जर्मनीत जाऊन संसार थाटलास. तुझ्या पत्रांना उत्तरं आपली आई द्यायची. आई गेल्यावर तुझी नाताळची पार्सलं माझ्या नावानं यायला लागली. कॉफी चांगली असते. मोजे मात्र मला घट्ट होतात. मी आता अठरा वर्षांची काटकुळी आल्मुट राहिलेली नाही, हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं.

तर या वेळी पार्सल मी पाठवते आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे! पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "पत्ते उलटसुलट झालेत का हो तुमचे?" म्हटलं, "नाही, बरोबर आहेत. शिक्का मारा."

आत सहा पेले आहेत. भुसा नाही, वर्तमानपत्र नाही, नुसते खोक्यात टाकलेत. वाटेत हे पत्र उघडून वाचणाऱ्या साहेबांनाही सांगते, आपटून बघायला आमची हरकत नाही, फक्त नंतर सहाच्या सहा परत आत ठेवा.

हे पेले आमच्या कारखान्याचे आहेत. तू गेलीस तेव्हा आपण लोणच्याच्या बरण्या करत होतो, आठवतं? आता बरण्या बंद. काच तीच, वाळूही तीच, पण तयार झालेला पेला आम्ही वितळलेल्या गरम मिठाच्या अंघोळीत बुडवतो. खायचं मीठ नव्हे, पोटॅशचं. काचेच्या कातडीतले बारीक कण मिठात उतरतात आणि मिठातले जाडजूड कण त्यांच्या जागी घुसून बसतात. बिअरच्या मांडवातल्या बाकावरून सडपातळ माणसं उठली आणि तिथे तितकीच पण खाटकासारखी धिप्पाड माणसं बसली तर बाक कसा गच्च होईल? कोणाला हलायला जागा नाही. काचेचं तसं होतं. वरची कातडी इतकी आवळली जाते की तडा शिरायला फट मिळत नाही.

आणि हेडी, चाचणी-खोली माझ्या हाताखाली आहे. प्रत्येक अंघोळीतले पेले माझ्याकडे येतात. लंबकाला लटकवलेला पोलादी गोळा त्यांच्या काठावर आदळायचा, गोळा दर वेळी थोडा वरून सोडायचा, पेला जाईपर्यंत. उकळत्या पाण्यातून काढून बर्फात घालायचे. एकमेकांत रचून उतरंड फरशीवर ढकलून द्यायची. पेला किती सोसतो ते कळायला शेवटी तो फोडावाच लागतो, म्हणजे मी फोडण्याचा पगार खाते. आणि मला घाम फुटतो, पेला फुटत नाही! जे पास होतात त्यांच्याच जातीचा माल बाहेर जातो. तळाशी बोट फिरव. छोटं पाइनचं झाड लागेल. ते झाड असलेला पेला माझ्या खोलीच्या संमतीनं बाहेर पडलेला असतो.

तुझा नवरा खानावळींना पेले पुरवतो असं आई सांगायची. त्याला दाखव. तुमच्याकडचं गिऱ्हाईक मिळालं तर इथे मिठाची दुसरी अंघोळ बसेल आणि हे काम टिकेल. मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही. मीच लिहिते आहे, कारण असा पेला जगात दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही, आणि तो फक्त आमच्याच खानावळींत फिरावा हे मला बघवत नाही.

आल्मुट


२० सप्टेंबर १९८१

हेडी,

पत्र मिळालं. तू रडलीस वगैरे लिहिलंस ते वाचलं. त्यावर काय लिहायचं ते मला सुचत नाही, म्हणून सोडून देते.

तुझ्या गेबहार्डनं खाली जोडलेल्या चार ओळी मात्र मी चाचणी-खोलीत मोठ्यानं वाचून दाखवल्या. "पेला अप्रतिम आहे. गोदामाच्या जिन्यावरून फेकला, काही झालं नाही. पण मेहुणीबाई, माझं पोट फुटणाऱ्या पेल्यांवर चालतं. हे पेले एकदा विकले की पुढच्या वर्षी मी त्याच खानावळवाल्याला काय विकू?"

ऐकून मेर्चिन म्हणाला... मेर्चिन म्हणजे मिठाच्या अंघोळीवरचा मुख्य माणूस. इथल्याच सॉर्ब लोकांपैकी आहे, रागावला की सॉर्ब भाषेत पुटपुटतो, म्हणजे आम्हाला शिव्या कळत नाहीत. तर तो म्हणाला, "बाई, तुमच्या मेहुण्यांना विचारा, ते न्हाव्याकडे जातात की नाही? केस परत वाढतात म्हणून न्हावी बिचारा जगतो. पण लोकांची डोकीच फोडून ठेवायची असं कुठल्या न्हाव्यानं ठरवलंय का?"

मला हसू आलं, पण रागही आला. लाइपझिगच्या व्यापारी जत्रेतही तुमच्याकडच्या व्यापाऱ्यांनी आमच्या माणसाला हेच ऐकवलं म्हणे. पेला हातात घेतला, वाहवा केली आणि खाली ठेवला. काचेत खोट काढता आली असती तर मी मान खाली घातली असती आणि पुन्हा मिठाशी झटले असते. पण चांगला आहे म्हणून नको, या दुखण्यावर मी कुठली चाचणी लावू?

तरी आमच्याकडच्या खानावळी आम्हाला पुरेत. ड्रेस्डेनपासून रोस्टॉकपर्यंत लोक आमच्याच पेल्यातून पितात. आपल्या गावात तर आता नवीनच सवय लागली आहे. बसला की माणूस पेला उलटा करून काठ टेबलावर टकटक वाजवतो आणि मग पुढे करतो, भर म्हणून. लहान पोरंसुद्धा दुधाचा पेला वाजवतात. कोर्डुला, माझी मुलगी, पंधरा वर्षांची आहे. ती म्हणते, "आई, आपल्या गावाला ढोलकीची गरजच नाही."

गेबहार्डला सांग, मी चिडलेली नाही. खोटं आहे, पण सांग.

आल्मुट


२ जून १९८६

हेडी,

पत्रिका सोबत आहे. कोर्डुलाचं लग्न अठ्ठावीस तारखेला. मुलगा आमच्या कारखान्यातलाच, टिलो. साचे बनवतो. लोखंडाच्या साच्यात पाइनचं झाड उलटं कोरणारा हात त्याचा. बोलायला जरा आगाऊ आहे. मला 'सासूबाई' म्हणतो तेव्हा टोपी काढल्यासारखं करतो, डोक्यावर टोपी नसते तरी.

तुम्ही दोघं या. परवानगीचे कागद आजच भरायला दे. आदल्या संध्याकाळी दारात भांडी फोडायचा कार्यक्रम आहेच. फुटक्या चिनीमातीची सोय मी करून ठेवली आहे, तुम्हाला फ्युर्थहून काही आणायला नको. काच तेवढी आणू नका. चिनीमाती फुटली तर शुभ, काच फुटली तर नवऱ्यानवरीचं नशीब फुटतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लहानपणी शेजारच्या लग्नात माझी आरशी हातातून सुटली तेव्हा किंचाळलेली तूच होतीस.

मला तुझं तोंड बघायचं आहे. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

आल्मुट


९ जुलै १९८६

हेडी,

तुम्ही लग्नाला न थांबता निघून गेलात ते योग्य केलंत असं मी म्हणणार नाही. पण ती संध्याकाळ माझ्या बाजूनं कशी झाली ते तरी ऐक. तू गाडीत बसलीस तेव्हा बोलायला वेळच दिला नाहीस.

पाहुणे दारात बशा, किटल्या, कोणाचं तरी फुटकं स्वच्छतागृहाचं भांडं आपटत होते. सगळं छान चाललं होतं. मेर्चिननं गंमत म्हणून आपला एक पेला त्या ढिगाऱ्यात मारला. तो चिनीमातीच्या तुकड्यांवर नाचत नाचत गेबहार्डच्या बुटापाशी येऊन थांबला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि गेबहार्ड पांढराफटक पडला होता. तेव्हाही तू हसत होतीस. मी बघितलं.

मग आत आलो. गेबहार्डनं आणलेली पेटी उघडली. मखमलीवर ठेवलेले ते उंच पायाचे, कापकाम केलेले वाइनचे पेले. सुंदर होते, मी कशाला नाही म्हणू? त्यानं पहिला माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मेहुणीबाई, तज्ज्ञांनी सांगावं." आणि मी काय केलं? जे गेली पाच वर्षं या गावातलं प्रत्येक माणूस करतं तेच. पेला उलटा केला आणि काठ टेबलावर टकटक वाजवला.

पहिल्याच टकटकीला गेला. त्याच्या हातात देठ राहिला असता तर बरं, पण देठ माझ्या हातात होता. कोर्डुलाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, घरात, नवरीच्या आईच्या हातून काच फुटली! म्हाताऱ्या बायकांनी छातीवर क्रॉसची खूण केली. आणि टिलो, तो आगाऊ कार्टा, म्हणाला, "सासूबाई, नापास!" सगळं घर फुटलं हसून. गेबहार्डला वाटलं हे सगळं ठरवून केलं.

सवय होती, हेडी. हात आपसूक गेला. तू विचारलंस, "मुद्दाम?" मी नाही म्हटलं. आज पुन्हा नाही म्हणते. फुटल्यावर मला थोडं बरं वाटलं का, हे तू विचारलं नाहीस, तेव्हा तेही सांगायची गरज नाही.

कोर्डुला आणि टिलो मजेत आहेत. तुझ्या पेटीतले उरलेले पाच पेले कपाटात वरच्या फळीवर आहेत. कोणाला हात लावू देत नाही.

आल्मुट


१८ फेब्रुवारी १९९०

प्रिय हेडी,

बघ, लिहिलं.

तुझं पत्र वाचून मी चाचणी-खोलीत खुर्चीवर बसून राहिले. बर्लिनची भिंत गेली, सीमेवर आता कोणी परवानगीचे कागद मागत नाही, आणि गेबहार्ड आमच्या कारखान्याची बोलणी करायला येतो आहे! चार वर्षं आपण एकमेकींना नाताळची कार्डं तेवढी पाठवत होतो. टिलोला सांगितलं तर तो म्हणाला, "सासूबाई, पाच पेले लपवून ठेवा."

इथे कशी वेळ आली आहे ते तुला कळत असेल. पुढे कोण आम्हाला पैसे देणार, कोणाला ठाऊक नाही. खानावळवाले म्हणतात, पश्चिमेच्या दारू-कंपन्या आपल्या नावाचे पेले फुकट देतात, मग तुमचे कशाला? जो विकत घेईल त्याचा कारखाना होईल, नाही घेतला तर भट्टी विझेल. दोनशे माणसं आहेत. कोर्डुलाला दिवस गेले आहेत आणि टिलोही त्याच दोनशेंत आहे. मी पन्नाशीला आले, मला बाहेर कोण विचारणार?

पण मी घाबरलेली नाही. तो पेला त्यानं जिन्यावरून फेकून पाहिलेला आहे. त्याला तर सांगायचीही गरज नाही. अंघोळ चालू राहिली की बाकी सगळं मी बघून घेईन. त्याला म्हणावं, ये. बटाट्यावर जवसाचं तेल घालून जेवायला लावीन, आणि कुठलाही पेला वाजवणार नाही, शब्द देते.

तुझी आल्मुट


२२ एप्रिल १९९०

प्रिय हेडी,

गेबहार्डनं तुला त्याच्या बाजूनं सांगितलं असेलच. माझी सांगते.

त्यानं कारखाना बघितला, प्रेमानं बोलला, सगळ्यांशी हात मिळवले. मग कँटीनमध्ये आम्हाला बसवून बेत सांगितला. त्याला पेल्याचा आकार हवा, एकमेकांत नीट बसणारा. त्याला पाइनचं झाड हवं, कारण आमच्याकडची प्रत्येक खानावळ त्या झाडाला ओळखते. मिठाची अंघोळ नको. "खर्चिक आहे," म्हणाला. मेर्चिनची पाळी आणि अंघोळीवरचे बाकीचे जातील, पण भट्टी आणि साचे राहतील. निदान दीडशे माणसं राहतील.

मी विचारलं, "म्हणजे तळाशी झाड असेल आणि पेला साधाच असेल?"

"तसाच दिसेल, मेहुणीबाई."

"आणि फुटेल."

"सगळे पेले फुटतात," तो म्हणाला. खूप शांतपणे म्हणाला. हेडी, तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच असं वाटतं.

एकच अडचण होती. आमचे नियम अजून जुनेच आहेत. झाडाची खूण लावायची तर नव्या पेल्याला माझ्या खोलीचा 'पास' हवा, खाली माझी सही हवी. त्यानं अंघोळ न घातलेले पेले काढून ठेवायला सांगितलं होतं. संचालक माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "आल्मुट, तुम्ही बघा आणि योग्य वाटेल ते लिहा." योग्य म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं.

मी चाचणी घेतली. सगळ्यांसमोर, दार उघडं टाकून. आमचा पेला पातळ असतो, कारण त्याला अंघोळीचा आधार असतो. अंघोळ काढली की राहतं काय, अंड्याचं टरफल. गोळा सगळ्यात खालच्या खाचेतून सोडला. गेला. दुसरा, गेला. तिसरा गेला. खोलीत काचेचा तो आवाज इतक्या सहज मी कधी ऐकला नव्हता. बायका झाडू घेऊन उभ्या होत्या, पण कोणी झाडेना.

आणि आता खरं सांगते. मी पेन हातात घेतलं. कोर्डुलाचं पोट डोळ्यांसमोर आलं. 'पास' लिहायला किती अक्षरं लागतात? कोणी मला काही म्हटलं नसतं. मी कागदावर वाकलेच होते.

तेवढ्यात टिलो बोलला. ज्याची नोकरी त्या सहीवर राहणार होती तो. नेहमीसारखं थट्टेनं नाही. म्हणाला, "सासूबाई, लिहू नका. उद्या खानावळीत झाडाचा पेला फुटला की लोक पेला उलटा करतील आणि मला विचारतील, टिलो, हे झाड तूच कोरतोस ना? मी कुठल्या तोंडानं बिअर पिऊ?"

मी संचालकांकडे बघितलं, मग दारातल्या लोकांकडे. भट्टीवरचे, साच्यांचे, बांधणीच्या बायका, सगळे दीडशेतलेच. वाटलं, एकजण तरी म्हणेल, गप्प बस रे पोरा, आमच्या पोटाचं काय. कोणी म्हटलं नाही. बांधणीची सर्वांत तापट बाई म्हणाली, "लिहा की हो, काय लिहायचंय ते. उभं राहून पाय दुखायला लागले."

मी 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली. पूर्ण नावानं, एरवी फक्त आद्याक्षरं करते.

तू लिहिलं आहेस की माझ्यामुळे एवढी माणसं रस्त्यावर येतील, हा ताठा मला आईकडून आला आहे. असेल. आई आपल्याला फाटके कपडे घालू द्यायची, मळलेले नाही. आम्ही रस्त्यावर येऊ, पण आमच्या नावानं खोटं विकून आत बसलो नाही. मला याची लाज वाटत नाही, हेडी. मला इतका अभिमान वाटतो की रस्त्यानं चालताना मान आपोआप वर होते आणि मी खड्ड्यात पाय घालते.

आल्मुट


३० जून १९९०

हेडी,

भट्टी काल विझवली. ती लगेच विझत नाही. कित्येक दिवस कुरकुरत गार होते.

हे पत्र तू गेबहार्डला वाचून दाखव, कारण त्याला माझ्याकडून कळलेलं बरं. कारखाना विकायला बसलेल्या अधिकाऱ्यांकडून त्यानं साचे विकत घेतले, हे आम्हाला समजलं. कायद्यानं घेतले, माझी काही तक्रार नाही. आता तुमच्याकडे कुठेतरी तो पेले ओतणार आणि तिथे माझ्या सहीची गरज नाही. उद्यापासून इथे पैसाही तुमच्याकडचाच चालणार आणि नियमही तुमचेच.

साच्याचे तळ वेगळे असतात, तबकडीसारखे. झाड तिथे असतं. शुक्रवारी जेवणाच्या सुटीत टिलोनं सगळ्या तबकड्या अंगणात काढल्या आणि लोखंड घासायच्या शाणेचा पट्टा चालू केला. पहिली तबकडी त्यानंच घासली. स्वतः कोरलेलं झाड घासून सपाट केलं. मी त्याच्या तोंडाकडे बघू शकले नाही. दुसरी माझी. लोखंड हाताला भाजत होतं. मग मेर्चिन, मग पायदुखीवाली बाई, मग सगळे रांगेनं. ज्यांना तबकडी मिळाली नाही ते नाराज झाले. विक्रीचे अधिकारी खिडकीतून बघत होते, त्यांनी खिडकी लावून घेतली.

तबकड्या तेल लावून, कागदात गुंडाळून, नंबर घालून खोक्यात ठेवल्या आहेत. साचे एकदम व्यवस्थित आहेत. गेबहार्डला हवा तो आकार मिळेल. तळाला त्यानं स्वतःच्या घरातलं काय हवं ते कोरून घ्यावं.

हे कोणी केलं असं विचारलं तर माझं नाव सांग. नुकसानीची मागणी करायची असेल तर पत्ता त्याला माहीत आहे.

यानंतर तू मला लिहिलं नाहीस तर मला समजेल. वाईट वाटेल. फार वाटेल.

आल्मुट


१८ नोव्हेंबर १९९०

प्रिय हेडी,

तुझं पत्र आलं. तू ते गेबहार्डला न दाखवता टाकलंस हे कळलं, कारण पाकिटावर या वेळी त्याच्या धंद्याचा छापील पत्ता नाही, घराचा पत्ता तू हातानं लिहिला आहेस. माझं जूनचं पत्र तू वाचून दाखवल्यावर तो एके दिवशी जेवताना "तुझी बहीण..." एवढं म्हणून थांबला, असं तू लिहिलंस. पुढे काय म्हणणार होता ते त्यालाही माहीत नसेल. असू दे.

कोर्डुलाला मुलगी झाली. टिलो बाव्हेरियात साच्यांच्या कामाला जातो, शुक्रवारी घरी येतो. मेर्चिन घरी बसतो. मी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. तू विचारलंस, आता पश्चात्ताप होतो का, त्या एका सहीनं काय मिळालं? मी चार दिवस यावर काही लिहिलं नाही, कारण दाखवण्यासारखं हातात काही नव्हतं. काल ते दिसलं, म्हणून लिहायला बसले.

काल शनिवार. आपल्या जुन्या खानावळीत गेलो होतो. मालकिणीनं अजून आमचे पेले टाकलेले नाहीत. कोपऱ्यात तुमच्याकडच्या दारू-कंपनीचे दोन विक्रेते बसले होते, चांगल्या कोटातले, तिला फुकटचे पेले पटवत होते. बाजूच्या टेबलावर मेर्चिन आणि दोघंजण पत्त्यांचा स्काट मांडून बसले होते, अठरापासून वर बोली चढवायचा तोच आपला जुना खेळ. खानावळ भरलेली होती.

मालकिणीची नवी पोरगी भरलेलं तबक घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि उंबऱ्याला अडखळली. तबक हवेत गेलं. सगळे पेले दगडी फरशीवर, माझ्या पायांशी. काय आवाज झाला म्हणून सांगू! ते दोघं विक्रेते ताडकन उठले. एकाची खुर्ची उलटली, दुसऱ्यानं तोंडापुढे हात धरले.

आणि बाकी कोणी मान वळवली नाही, हेडी. म्हणजे खरोखर कोणी नाही. बोलणाऱ्यांची बोलणी थांबली नाहीत, घास घेणाऱ्यांचे घास थांबले नाहीत. म्हाताऱ्या फिशरनं पायाशी घरंगळत आलेला पेला न बघता उचलून टेबलावर ठेवला. आमच्यावर त्यांचा एवढा विश्वास आहे की आवाज कानावर पडूनही त्यांना तो ऐकू आला नाही. मी त्या दिवशी 'पास' लिहिलं असतं, झाड घासलं नसतं, तर काल प्रत्येक माणूस दचकून खाली बघत बसला असता, आणि इथून पुढे दर वेळी बसला असता.

माझे डोळे भरून आले. दोघं विक्रेते अजून उभेच होते. पोरगी फरशीवरून अख्खेच्या अख्खे पेले गोळा करत होती. आणि मेर्चिननं पत्त्यांतून डोकं वर न काढता बोली लावली, "अठरा."

तुझी,
आल्मुट